वाचकांचे प्रश्न : रांगेत अडकलेले बाउन्स

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या पत्रांत या वेळी बाउन्सचेच, म्हणजे मेल पोहोचला नाही असे पाठवणाऱ्याला कळवणाऱ्या मेलचेच, प्रश्न फिरून फिरून आले, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल आणि क्यूमेल हे मेल सर्व्हरचे वेगवेगळे प्रोग्राम. आज्ञा आणि सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे छोट्या अक्षरांत लिहायची.

प्रश्न : आमच्या पोस्टफिक्सच्या रांगेत दोन हजारांच्या आसपास मेल साचले आहेत. पाठवणारा सगळीकडे मेलर-डीमन. असे काही आम्ही पाठवलेले नाही. सरसकट उडवले तर चालेल का?

उडवता येतील, पण आधी त्यांतले चार-पाच उघडून बघा. हे मेल तुमच्या सर्व्हरनेच लिहिलेले आहेत. बाहेरून मेल आला, सर्व्हरने २५० हा आकडा देऊन तो स्वीकारला, आणि मग पोहोचवायला गेल्यावर कळले की त्या नावाचा मेलबॉक्सच इथे नाही. एकदा २५० म्हटले की मेल पोहोचवायचा, नाहीतर न पोहोचल्याचे पाठवणाऱ्याला कळवायचे, ही जबाबदारी सर्व्हरवर येते. आरएफसी ५३२१ या, सर्व्हरांनी एकमेकांना मेल कसा द्यायचा ते ठरवणाऱ्या दस्तऐवजात हा नियम स्पष्ट आहे. म्हणून सर्व्हर बाउन्स लिहून लिफाफ्यावरच्या, म्हणजे मेल देताना सर्व्हरने सर्व्हरला सांगितलेल्या, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर धाडतो. मूळ मेल स्पॅम असेल तर तो पत्ता खोटा असतो. तिकडचा सर्व्हर फोनच उचलत नाही, किंवा 'नंतर या' म्हणतो, आणि बाउन्स तुमच्या रांगेत बसून राहतो.

रांगेतली एक नोंद नीट वाचायला शिका. पोस्टक्यू -पी चालवले की पहिल्या ओळीत क्रमांक, आकार, तारीख-वेळ आणि शेवटी मेलर-डीमन दिसते. खालच्या ओळीत कंसात कारण असते, बहुतेक वेळा 'कनेक्शन टाइम्ड आउट' किंवा 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन'. त्याखाली प्राप्तकर्ता, म्हणजे तोच खोटा पाठवणारा. मेलर-डीमन हे फक्त दाखवण्यापुरते नाव; आज्ञेत ते मोठ्या अक्षरांत लिहायचे. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याची जागा रिकामी असते, 'मेल फ्रॉम:<>' अशी. ती मुद्दाम रिकामी ठेवतात, कारण बाउन्सला बाउन्स गेला तर दोन सर्व्हर एकमेकांना कळवतच बसतील.

आता पोस्टकॅट -क्यू आणि क्रमांक देऊन मेल उघडा. त्याचे तीन भाग असतात : माणसाला वाचण्यासारखा मजकूर, यंत्रासाठी लिहिलेला अहवाल आणि मूळ मेल, निदान त्याचा सुरुवातीचा भाग. मधल्या अहवालातल्या 'फायनल-रिसिपियंट' आणि 'स्टेटस' या दोन ओळी पाहा. स्टेटस ५.१.१ म्हणजे असा मेलबॉक्स नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलेला. ५.७.१ म्हणजे धोरण म्हणून नकार. चार-पाच मेलमध्ये एकच स्टेटस दिसला तर गळती कुठे आहे ते तुम्हाला तिथेच समजेल. म्हणूनच आधी बघा म्हटले. उडवल्यावर हा पुरावा जातो.

पाहून झाले की साफसफाई. पोस्टफिक्स ३.१ पासून पोस्टक्यू -जे हा पर्याय रांग जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा रचनेत, देतो. जेक्यू या साधनाने त्यातले सेंडर बरोबर मेलर-डीमन असलेले क्यू_आयडी निवडा आणि ते पोस्टसुपर -डी - या आज्ञेकडे पाइपने वळवा. शेवटची आडवी रेघ विसरू नका. क्रमांक आतल्या प्रवाहातून घ्यायचे हे तीच सांगते. जुन्या आवृत्तीवर मेलक्यूची यादी ऑक या रकाने वाचणाऱ्या साधनाकडे द्या, परिच्छेदागणिक एक नोंद धरा आणि सातवा रकाना मेलर-डीमन असेल तिथला पहिला रकाना घ्या. क्रमांकाला चिकटलेला तारा किंवा उद्गारचिन्ह काढायला हवे, नाहीतर पोस्टसुपर तो क्रमांक ओळखत नाही. तारा म्हणजे मेल आत्ता सक्रिय रांगेत आहे, उद्गारचिन्ह म्हणजे रोखून ठेवला आहे.

घाई नसेल तर -डी ऐवजी आधी -एच देऊन मेल रोखून ठेवा. प्रयत्न थांबतात आणि मेल हातात राहतात. दोन दिवसांत कोणाची तक्रार आली नाही तर मग काढा. मोठ्या अक्षरातला -एच रोखलेले मेल पुन्हा सोडतो. पोस्टसुपर -डी ऑल मात्र चुकूनही वापरू नका. त्यात बाउन्सबरोबर लोकांचे खरे मेलही जातात, आणि ते गेल्याचे कोणालाच कळत नाही. आणखी एक खोच आहे. पोस्टफिक्सचे छोटे क्रमांक पुन्हा वापरले जातात. यादी काढल्यापासून पुसेपर्यंत तो क्रमांक दुसऱ्याच मेलला मिळण्याची शक्यता अगदी थोडी, पण असते. एनेबल_लाँग_क्यू_आयडीज = येस केले की हा धोका संपतो.

प्रश्न : रांग साफ केली, आठवड्यात पुन्हा भरली. बाउन्स तयारच होऊ नयेत यासाठी काय करावे?

खरे काम हेच. टाकून देणे म्हणजे फरशी पुसणे. नळ बंद करायला हवा. तत्त्व एकच : जो मेल पोहोचवता येणार नाही त्याला २५० म्हणायचेच नाही. नकार बोलणे चालू असतानाच द्यायचा. समोरचा 'आरसीपीटी टू' म्हणून पत्ता सांगतो, तुमचा सर्व्हर तिथल्या तिथे '५५० ५.१.१' म्हणतो, आणि पुढचे कळवण्याचे ओझे समोरच्यावर पडते. समोर स्पॅमचे यंत्र असेल तर ते कोणालाही काही कळवत नाही. खरा सर्व्हर असेल तर तो आपल्या माणसाला नीट कळवतो. दोन्हीकडून तुमचा फायदाच.

पोस्टफिक्स हे मुळातच करतो, पण लोक नकळत ते बंद करून ठेवतात. बंद होण्याच्या नेहमीच्या जागा अशा.

पहिली, मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये लोकल_रिसिपियंट_मॅप्स = असे लिहून पुढे काहीच न लिहिणे. कधीतरी 'युजर अननोन'ची अडचण आली तेव्हा कोणीतरी ही ओळ टाकलेली असते आणि ती तशीच राहते. रिकामी किंमत म्हणजे तपासणीच नको. ओळ काढून टाका. मूळ किंमत सिस्टिमचे वापरकर्ते आणि एलियस (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारी टोपणनावे) दोन्ही बघते.

दुसरी, दुय्यम एमएक्स. एमएक्स म्हणजे डोमेनचे मेल घेणारा सर्व्हर. मुख्य सर्व्हर बंद पडला तर मेल हरवू नये म्हणून तो ठेवलेला असतो, पण त्याच्याकडे वापरकर्त्यांची यादी नसते. रिले_रिसिपियंट_मॅप्स मुळात रिकामे असते, म्हणून तो त्या डोमेनचा कोणताही पत्ता घेतो, मुख्य सर्व्हर नाकारतो, आणि बाउन्स दुय्यम सर्व्हरच्या माथी येतो. स्पॅम पाठवणारे मुद्दाम दुय्यम एमएक्स गाठतात ते यामुळेच. मुख्य सर्व्हरवरची यादी तासा-दोन तासांनी तिथे नेऊन पोस्टमॅप करा, म्हणजे त्या आज्ञेने तिचा तक्ता बनवा. यादी नेणे जमत नसेल तर रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रिसिपियंट लावा. त्यात पोस्टफिक्स मुख्य सर्व्हरला आधी विचारून घेतो आणि उत्तर साठवतो. त्याचा नकार मुळात ४५० असतो. तपासणी आठवडाभर ठीक चालली की अनव्हेरिफाइड_रिसिपियंट_रिजेक्ट_कोड ५५० करा. हे फक्त तुमच्या स्वतःच्या मागच्या सर्व्हरसाठी. मला विचाराल तर, मुख्य सर्व्हर तासा-दोन तासांत परत उभा राहत असेल तर दुय्यम एमएक्स काढूनच टाका. पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. मेल हरवत नाही.

तिसरी जागा सहज दिसत नाही. डोमेनचे नाव बदलले म्हणून व्हर्च्युअल एलियसच्या तक्त्यात '@जुने डोमेन' पुढे '@नवे डोमेन' अशी एकच ओळ टाकलेली असते. या ओळीमुळे जुन्या डोमेनवरचा कोणताही पत्ता वैध ठरतो. मेल आत येतो, नव्या नावात बदलतो, आणि तो माणूस नसल्याचे तेव्हा कळते. अशी ओळ काढून प्रत्येक पत्त्याची वेगळी ओळ लिहा. दोनशे ओळी झाल्या तरी स्क्रिप्टने त्या क्षणात तयार होतात.

चौथी, भरलेले मेलबॉक्स. पोस्टफिक्स मेल स्वीकारून डोव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे देतो, डोव्हकॉट कोटा संपल्याचे सांगून ५.२.२ देतो, आणि बाउन्स तयार होतो. डोव्हकॉटची कोटा-स्टेटस सेवा चालू करून ती चेक_पॉलिसी_सर्व्हिसने आरसीपीटीच्या पायरीवरच विचारा.

पाचवी, स्पॅम गाळणी. मेल रांगेत घेऊन नंतर तपासणारी गाळणी, उदाहरणार्थ अमाविस, स्पॅमला 'डी_बाउन्स' (ही डी_ ची नावे मोठ्या अक्षरांत) देत असेल तर ती खोट्या पत्त्यांवर मेल फेकण्याचे यंत्रच झाली. फायनल_स्पॅम_डेस्टिनी तिथे डी_डिस्कार्ड करून मेल विलगीकरणात ठेवा किंवा डी_पास करून खूण लावून पुढे जाऊ द्या. त्याहून चांगले म्हणजे मिल्टर, बोलणे चालू असतानाच तपासणारी जोडगाळणी. आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिनचा मिल्टर लावला तर मेलचा मजकूर पूर्ण आल्यावर, पण २५० म्हणायच्या आधी नकार देता येतो.

आणि बाहेरच्या पत्त्यावर परस्पर पाठवणारे वापरकर्ते. त्यांच्याकडे आलेला स्पॅम तुम्ही पुढे ढकलता, तिकडचा मोठा सर्व्हर नाकारतो, बाउन्स तुमच्या गळ्यात. पुढे पाठवण्याच्या आधी गाळणी लावा.

बदल केल्यावर तपासायला विसरू नका. बाहेरच्या यंत्रावरून पोर्ट २५ वर जोडा, 'ईएचएलओ', 'मेल फ्रॉम', आणि मग मुद्दाम खोट्या नावाने 'आरसीपीटी टू' द्या. उत्तर ५५० आले तर झाले. २५० आले तर अजून कुठेतरी भोक आहे. प्रत्येक डोमेनसाठी आणि प्रत्येक एमएक्सवर हे वेगवेगळे करायला लागते. तुमच्याच जाळ्यातून करू नका, कारण मायनेटवर्क्स या भरवशाच्या यादीतल्या यंत्राला काही निर्बंधांतून सूट असते आणि निकाल फसवा येतो.

प्रश्न : तोवर बाउन्सचा मुक्काम कमी करता येईल का? मास्टर डॉट सीएफमध्ये बाउन्सच्या ओळीत डिस्कार्ड लिहिले की प्रश्न मिटतो असेही ऐकले.

मुक्काम कमी करा, दुसरे करू नका. पोस्टफिक्समध्ये बाउन्सचे आयुष्य बाउन्स_क्यू_लाइफटाइम ठरवते. मूळ किंमत ५ दिवस. दोन प्रयत्नांतले अंतर ३०० सेकंदांपासून वाढत ४,००० सेकंदांपर्यंत जाते. पाच दिवस म्हणजे ४,३२,००० सेकंद, म्हणजे एका बाउन्समागे शंभरावर फेऱ्या. ही किंमत १ दिवस केली तर पंचवीसच्या आसपास उरतात. शून्य केल्यास एकच प्रयत्न होतो. तो मोह टाळा : अनेक सर्व्हर अनोळखी जोडणीला पहिल्या वेळी मुद्दाम ४५० देतात आणि काही मिनिटांनी घेतात, तिथे खरा बाउन्सही हरवेल. मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइमला हात लावू नका. ते सगळ्या साध्या मेलचे आयुष्य आहे.

मास्टर डॉट सीएफ ही पोस्टफिक्सच्या आतल्या प्रोग्रामांची यादी. तिच्यातला बाउन्स हा प्रोग्राम नुसता बाउन्स लिहीत नाही. प्रत्येक मेलच्या कोणत्या पत्त्याला काय उत्तर मिळाले याच्या नोंदीही तोच ठेवतो. त्याच्या जागी दुसरे काही बसवणे म्हणजे सर्व्हरची स्मरणशक्ती काढून घेणे. शिवाय तुमच्या माणसाने पत्त्यात एक अक्षर चुकवले तर त्याला ते कधीच कळणार नाही. कोटेशन पोहोचले असे समजून तो उत्तराची वाट बघत बसतो. बाउन्सची खरी गरज कोणाला असते, तर या माणसाला.

हेडर_चेक्समध्ये, म्हणजे मेलच्या शीर्ष ओळी तपासणाऱ्या गाळणीत, डिस्कार्डचा नियम लिहून पाहिला तरी चालत नाही असे दोघांनी कळवले आहे. बरोबर आहे, पोस्टफिक्सने स्वतः लिहिलेले बाउन्स त्या गाळणीतून जातच नाहीत. इंटर्नल_मेल_फिल्टर_क्लासेस = बाउन्स केल्यावरच जातात, आणि ते मुळात बंद आहे तेच बरे.

ज्या बाउन्सला कायमचा, म्हणजे ५ ने सुरू होणारा नकार मिळतो, तो पोस्टफिक्स आपणहून टाकून देतो. त्यासाठी काही लिहावे लागत नाही. नोटिफाय_क्लासेसमध्ये कोणी २बाउन्स घातले असेल तरच त्याची प्रत पोस्टमास्टरकडे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या पत्त्यावर, येते. तशी येत असेल तर तो शब्द काढा.

प्रश्न : एक्झिममध्ये शेकडो मेल 'फ्रोझन' दिसतात. ते का गोठतात?

बाउन्सला कायमचा नकार मिळाला की परत पाठवायला कोणी उरत नाही, म्हणून एक्झिम तो गोठवतो, कोणीतरी बघेल या आशेने. इग्नोर_बाउन्स_एरर्स_आफ्टर ही किंमत पाहा. तेवढा काळ उलटला की एक्झिम मेल मोकळा करून एक शेवटचा प्रयत्न करतो आणि फसला तर टाकून देतो. एक्झिमबरोबर येणाऱ्या नमुना फाइलमध्ये ती २ दिवस आहे. ही ओळ फाइलमध्ये नसेल तर प्रोग्रामची आतली किंमत १० आठवडे लागू होते, आणि तुमच्याकडे बहुधा तेच झाले आहे. १२ तास पुरेत. शून्य दिले तर लगेच टाकले जातात. टाइमआउट_फ्रोझन_आफ्टर मात्र वेगळे आहे : ते कोणत्याही कारणाने गोठलेल्या मेलला लागू होते, तुम्ही हाताने थांबवलेल्यालाही.

साचलेले काढायला एक्सिक्यूग्रेप -झेड -आय हे गोठलेल्यांचे क्रमांक देते. ते एक्सआर्ग्जने एक्झिम -एमआरएम कडे द्या, त्यात पहिला एम मोठा. रिकाम्या पाठवणाऱ्याचेच हवे असतील तर -एफ ला '^<>$' हा साचा द्या. -एमआरएम ऐवजी चुकून -एमजी (यातही एम मोठा) दिले तर एक्झिम 'आता सोडून दिले' असे मानून साध्या मेलसाठी नवा बाउन्स पाठवतो. बाउन्सची साफसफाई करताना तीच चूक सगळ्यात महाग. मुळावर उपाय इथेही तोच : आरसीपीटीच्या एसीएलमध्ये (त्या पायरीवरच्या परवानगीच्या नियमांत) रिक्वायर व्हेरिफाय = रिसिपियंट, आणि पुढच्या सर्व्हरला विचारून घेण्यासाठी जोडून /कॉलआउट.

प्रश्न : सेंडमेल आणि क्यूमेल अशा दोन जुन्या सर्व्हरवर पोस्टमास्टरच्या पेटीत रोज दुहेरी बाउन्सचा ढीग पडतो.

दुहेरी बाउन्स म्हणजे बाउन्सच पोहोचला नाही याची सूचना. सेंडमेलच्या एमसी या सेटिंग फाइलमध्ये कॉन्फडबल_बाउन्स_ॲड्रेसची (कॉन्फ छोट्या, पुढचे मोठ्या अक्षरांत) किंमत रिकामी ठेवून फाइल पुन्हा तयार करा; दुहेरी बाउन्स टाकून दिले जातात. क्यूमेलमध्ये एलियसच्या घरात डॉटक्यूमेल-डबलबाउन्स नावाची फाइल करून तिच्यात फक्त # लिहा, कंट्रोलमधल्या डबलबाउन्सटू फाइलमध्ये डबलबाउन्स हे नाव टाका आणि क्यूमेल-सेंड बंद करून पुन्हा सुरू करा. नुसता हँगअपचा इशारा दिला तर ही फाइल तो पुन्हा वाचत नाही. मूळ क्यूमेलचा एसएमटीपी भाग प्राप्तकर्ता तपासतच नाही, त्यामुळे ढीग थांबला तरी बाहेर जाणारे पहिले बाउन्स चालूच राहतील. तो सर्व्हर तपासणी करणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरच्या मागे घ्या.

प्रश्न : संकेतस्थळावरून नोरिप्लाय या पत्त्याने पावत्या जातात. तो मेलबॉक्स नाही. त्याचे बाउन्स कसे टाकायचे?

आधी मेल खरोखर त्या पत्त्यावरून जातात का ते पाहा. 'फ्रॉम' ओळीत नोरिप्लाय असले तरी लिफाफ्यावर वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचे नाव, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि यंत्राचे आतले नाव असू शकते. मग बाउन्स परतच येऊ शकत नाही. पीएचपीच्या मेल फंक्शनमध्ये पाचव्या जागी -एफ आणि त्याला जोडून पत्ता दिला की लिफाफा बरोबर होतो.

टाकून द्यायचेच असतील तर एलियसच्या फाइलमध्ये डेव्हनल: /डेव्ह/नल अशी ओळ घाला, तिच्याकडे नोरिप्लाय वळवा आणि न्यूएलियसेस चालवा. डोमेन व्हर्च्युअल असेल तर ट्रान्सपोर्ट तक्त्यात त्या पत्त्यापुढे डिस्कार्ड: लिहा, पत्ता वैध पत्त्यांच्या यादीतही हवा, नाहीतर आधीच ५५० मिळेल. डोमेनला 'मेल घेत नाही' असे सांगणारी शून्य एमएक्स नोंद देऊ नका. ज्या डोमेनला उत्तर देता येत नाही त्याचे मेल काही सर्व्हर दारातच नाकारतात.

पण हे बाउन्स टाकू नयेत असेच आमचे मत आहे. बाउन्स नावाचा खरा पत्ता करा, प्रत्येक ग्राहकाचा क्रमांक अधिकच्या चिन्हाने त्याला जोडा, आणि स्क्रिप्टने अहवालातला स्टेटस वाचा. ५.१.१ आला की तो पत्ता यादीतून काढा. ४ ने सुरू होणारे सोडून द्या. मेलेल्या पत्त्यांवर पाठवत राहणाऱ्याची पत मोठ्या सर्व्हरांकडे घसरते, आणि मग जिवंत ग्राहकांच्या पावत्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात.

प्रश्न : आम्ही न पाठवलेल्या मेलचे बाउन्स आमच्यावर कोसळत आहेत. रिकाम्या पाठवणाऱ्याचे सगळे मेल नाकारू का?

नका. त्यात तुमचे खरे बाउन्स, वाचल्याच्या पोचपावत्या आणि सुटीवर असल्याची उत्तरेही जातील, आणि परत विचारून पत्ता तपासणारे सर्व्हर तुमचा साधा मेलही घेणार नाहीत.

प्रथम खात्री करा की ते खरेच तुमचे नाहीत. बाउन्सच्या तिसऱ्या भागात मूळ मेलच्या 'रिसीव्ह्ड' ओळी असतात. त्यांत तुमच्या सर्व्हरचा आयपी आणि रांगेचा क्रमांक दिसला तर तो क्रमांक तुमच्या लॉगमध्ये शोधा. सापडला तर त्याच क्रमांकाच्या ओळींत एसएएसएल_युजरनेमपुढे ज्याचे नाव आहे, त्याचा पासवर्ड चोरीला गेला आहे. तो आधी बदला, मग रांगेतले त्याचे मेल रोखा.

आयपी परका असेल तर एसपीएफ नोंद (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) -ऑलने संपवा, मेलला डीकेआयएम ही डिजिटल सही लावा आणि डीमार्क धोरण (या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचे काय करायचे ते) हळूहळू रिजेक्टपर्यंत न्या. मग पुष्कळ सर्व्हर तो खोटा मेल दारातच परतवतात आणि बाउन्स बनत नाही. बाउन्सला एकच प्राप्तकर्ता असतो, म्हणून पोस्टफिक्सच्या एसएमटीपीडी_डेटा_रिस्ट्रिक्शन्समध्ये रिजेक्ट_मल्टी_रिसिपियंट_बाउन्स लावा. जे पत्ते फक्त मेल घेतात आणि कधीच पाठवत नाहीत, त्यांच्यापुरते रिकामा पाठवणारा नाकारणे योग्य आहे. आणि सतत मारा असेल तर बीएटीव्ही : बाहेर जाणाऱ्या मेलच्या लिफाफ्यावरच्या पत्त्यात पीआरव्हीएस अशी सहीची खूण घालायची, आणि खूण नसलेला बाउन्स नाकारायचा. एक्झिममध्ये त्याची सोय अंगचीच आहे, पोस्टफिक्सला मिल्टर लागतो. खूण वेळोवेळी बदलते, त्यामुळे लिफाफ्यावरचा पत्ता पाहून सभासद ओळखणाऱ्या मेलिंग लिस्ट अडखळतात. त्या लिस्टवर लिहिणाऱ्यांना आधी वगळून मगच खूण सुरू करा.